हात बसण्याचा खेळ : ‘फायनल फँटसी २’ची बाजू

‘फायनल फँटसी’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतल्या दुसऱ्या भागाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते : या खेळात ताकद वाढवायची असेल, तर शत्रूला सोडून आपल्याच साथीदारांवर तलवार चालवावी लागते. ही गोष्ट खोटी नाही. पुष्कळांनी ते केले आहे आणि त्याचा फायदाही त्यांना झाला आहे. परंतु या एका गोष्टीवर सगळा खेळ निकालात काढला जातो, मालिकेतला फसलेला भाग म्हणून त्याला बाजूला सारले जाते, आणि त्यामागची कल्पना काय होती हे समजून घेण्याची तसदी कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. माझ्या मते ती कल्पना पहिल्या भागापेक्षा अधिक खरी होती. चूक झाली ती हिशेब ठेवण्याच्या पद्धतीत, आणि ती चूकही सांगितली जाते तेवढी मोठी नाही.

हे पटवून द्यायचे तर आधी साधी गोष्ट समजून घ्यावी लागेल. ज्या खेळांना आरपीजी म्हणतात, त्यांत आपण काही पात्रांचा चमू घेऊन फिरतो, वाटेत शत्रू भेटतात, लढाई होते आणि प्रत्येक लढाईनंतर आपली पात्रे थोडी अधिक समर्थ होतात. हे समर्थ होणे मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे लेव्हल. लेव्हलची रचना शाळेतल्या इयत्तेसारखी असते. शत्रू मारले की गुण मिळतात, गुणांची ठरावीक बेरीज झाली की पात्र वरच्या इयत्तेत जाते, आणि इयत्ता बदलली की त्याची शक्ती, चपळाई, जादू, सहनशक्ती हे सारे एकदम वाढते. तलवारीने लढलेला आणि कोपऱ्यात उभा राहून काहीच न केलेला, दोघेही एकाच दिवशी पास होतात. १८ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये निंतेंदोच्या फॅमिकॉम यंत्रावर आलेला पहिला ‘फायनल फँटसी’ याच पद्धतीचा होता, आणि तो चांगला चालल्यामुळेच स्क्वेअर या कंपनीला दुसरा भाग काढता आला.

तो दुसरा भाग बरोबर वर्षभराने, १७ डिसेंबर १९८८ रोजी आला. दिग्दर्शक हिरोनोबू साकागुची, संगीतकार नोबुओ उएमात्सू आणि चित्रकार योशिताका अमानो ही पहिल्या भागाचीच मंडळी याही वेळी होती. मात्र पात्रांची वाढ कशी व्हावी याची आखणी करणाऱ्या अकितोशी कावाझू यांनी लेव्हल हा प्रकारच काढून टाकला. यशस्वी खेळाच्या पुढच्या भागात, ज्या गोष्टीवर आधीचा खेळ उभा होता तीच काढून टाकण्याला धैर्य लागते, हे विरोधकांनीही मान्य करावे.

लेव्हलच्या जागी जे आले, त्याला मराठीत नेमका शब्दप्रयोग तयार आहे : हात बसणे. पोळ्या लाटून लाटून हात बसतो, पेटी वाजवून वाजवून हात बसतो. पोळ्यांनी हात बसला म्हणून पेटी येत नाही. ‘फायनल फँटसी २’मध्ये प्रत्येक पात्राच्या नावापुढे तलवार, सुरा, कुऱ्हाड, भाला, काठी, धनुष्य, नुसते हात आणि ढाल यांचे आठ वेगवेगळे आकडे असतात. ज्या शस्त्राचा वापर कराल त्याचेच गुण वाढतात, शंभर गुण भरले की त्या शस्त्राची एक पायरी चढते, आणि अशा सोळा पायऱ्या आहेत. जादूचेही तसेच. ज्या पात्राला जो मंत्र शिकवाल, तो मंत्र त्याने लढाईत जेवढा वापरला असेल तेवढाच वाढतो. अग्नीचा मंत्र मुरला म्हणून जखमा भरण्याचा मंत्र मुरत नाही. शक्ती किंवा बुद्धी यांसारखे मूळ गुणही याच न्यायाने, म्हणजे शस्त्र चालवल्याने शक्ती आणि जादू वापरल्याने बुद्धी, असे हळूहळू वर सरकतात. ही कल्पना शून्यातून आली नव्हती. १९७८ साली निघालेल्या ‘रूनक्वेस्ट’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात कौशल्ये वापरानेच वाढत असत. परंतु घरच्या टीव्हीवरच्या, लाखो मुलांनी खेळायच्या मालिकेत ती आणणे ही निराळी गोष्ट होती.

या हिशेबात एक बारकावा आहे आणि टीकाकार तो सहसा सांगत नाहीत. शस्त्राला मिळणारे गुण केवळ किती वेळा वार केले यावर ठरत नाहीत. समोरचा शत्रू किती वरच्या दर्जाचा आहे आणि तुमची पायरी सध्या कोणती आहे, हेही त्यात धरले जाते. कुऱ्हाडीत सातव्या पायरीवर पोचलेल्या पात्राने पहिल्या गावाबाहेरच्या किरकोळ जनावरांवर दिवसभर कुऱ्हाड चालवली, तरी त्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. आपल्यापेक्षा वरचढ पैलवानाशी झोंबल्याशिवाय कुस्ती सुधारत नाही, ही तालमीतल्या कोणत्याही पोराला ठाऊक असलेली गोष्ट या खेळाने १९८८ साली आकड्यांत मांडली होती.

आता त्या बदनाम गोष्टीकडे येतो. पात्राच्या अंगात किती जीव आहे हे दाखवणाऱ्या आकड्याला एचपी म्हणतात. लेव्हल नसल्यामुळे हा आकडा वाढवण्याचाही वेगळा नियम लागला आणि तो असा होता : लढाई सुरू होताना असलेल्या एचपीपेक्षा लढाई संपताना एचपी बराच कमी झालेला असेल, तर कमाल एचपी वाढण्याची शक्यता निर्माण होते. घाव सोसणारा घट्ट होतो, असा त्यातला सरळ विचार. अडचण ही की खेळ फक्त किती जीव गेला एवढेच पाहतो. तो कोणी घेतला हे पाहत नाही. मग हुशार खेळाडूंनी समोर एखादा दुबळा शत्रू जिवंत ठेवला, आपापसांत वार केले, शेवटी त्या शत्रूला संपवले आणि सगळ्यांचे एचपी वाढवून घेतले. मूळ फॅमिकॉम आवृत्तीत त्याहून सोपी पळवाटही होती. लढाईत एखादी आज्ञा निवडायची, ती रद्द करायची, पुन्हा निवडायची. प्रत्यक्षात वार एकही होत नसे, पण आज्ञा निवडल्याची नोंद मात्र दर वेळी होत असे. हा सरळ सरळ प्रोग्रॅममधला दोष होता.

याला मी दोष म्हणतो, पण कल्पनेचा दोष म्हणत नाही. कोणत्याही मोजमापात हा धोका असतोच. आपल्याला मोजायचा असतो अनुभव, पण अनुभव यंत्राला दिसत नाही. म्हणून अनुभवाची जी खूण दिसते, म्हणजे वार किती केले आणि जीव किती गेला, ती मोजली जाते. खूण स्वस्तात तयार करता येते असे कळले की माणसे अनुभवाऐवजी खूणच तयार करू लागतात. आपल्याकडे गाईडमधली अपेक्षित उत्तरे घोकून परीक्षा देणारा विद्यार्थी नेमके हेच करतो, आणि त्यावरून कोणी अभ्यास ही गोष्टच निरुपयोगी ठरवत नाही. हाच प्रकार पुढे एका अत्यंत नावाजलेल्या पाश्चात्त्य मालिकेत घडला. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेत कौशल्ये वापरानेच वाढतात, आणि २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये उड्या मारण्याचे कौशल्य वाढावे म्हणून खेळाडू रस्त्याने चालण्याऐवजी उड्या मारत जात असत. त्याची गंमत म्हणून आठवण काढली जाते. ‘फायनल फँटसी २’च्या वाट्याला मात्र कायमचा शिक्का आला.

शिवाय साथीदारांना मारून वाढवलेल्या एचपीचा उपयोग वाटतो तेवढा नाही, हे मला स्वतः खेळताना कळले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे नकली संच आणि त्यांच्या कॅसेट घरोघर होत्या, पण त्यांत असायचे ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’. जपानी मजकुरावर चालणाऱ्या या खेळाशी आपली गाठ पडण्याचे कारणच नव्हते. मी तो खेळलो २०२१ साली आलेल्या ‘पिक्सेल रीमास्टर’ आवृत्तीत, मोबाइलवर. ऐकीव सल्ल्याप्रमाणे मी चमूतल्या गाइ या धिप्पाड तरुणाला मिळेल ते जाड चिलखत चढवले, त्याचा एचपी मुद्दाम वाढवला आणि निर्धास्त झालो. मग एका गुहेत घूल नावाच्या प्रेतांशी गाठ पडली. त्यांचा वार लागला की अंग लुळे पडते, आणि माझा गाइ एचपी भरपूर असूनही ओळीने कित्येक डाव पुतळ्यासारखा उभा राहिला, कारण जड चिलखतामुळे त्याची घाव चुकवण्याची क्षमता पार घसरली होती. चमूतलीच मारिया मागच्या रांगेत उभी राहून धनुष्य चालवत होती. तिचा एचपी त्याच्या निम्माही नसेल, पण अंगावर हलके कपडे असल्यामुळे ती शेवटपर्यंत हलतीबोलती राहिली. त्या दिवशी मी गाइचे चिलखत काढले आणि त्याच्या दुसऱ्या हातात ढाल दिली. ढाल धरून शत्रूचे घाव झेलत गेले की ढालीची पायरी चढते आणि घाव चुकवण्याची क्षमता वाढत जाते. या खेळात तगून राहण्याचे खरे रहस्य ते आहे. शत्रूंपैकी काही तर तुमच्या कमाल एचपीचा ठरावीक हिस्साच ओढून घेतात, म्हणजे एचपी जितका मोठा तितके नुकसानही मोठे. स्वतःच्या माणसांना झोडपून घेणारा खेळाडू नेमक्या चुकीच्या गोष्टीवर मेहनत घेत असतो.

खेळात खरोखरच वाईट असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या मी झाकणार नाही. गुहांमध्ये दारामागे दारे असतात, त्यांतल्या बहुतेकांमागे रिकामी खोली असते, आत शिरताच तुम्हाला दारापाशी नव्हे तर खोलीच्या मधोमध उभे केले जाते आणि बाहेर पडेपर्यंत दोन-तीन लढाया अंगावर येतात; याचे समर्थन होऊ शकत नाही. मूळ आवृत्तीत शक्ती वाढली की कधी कधी बुद्धी घटत असे, त्यामुळे एकाच पात्राला तलवार आणि जादू दोन्ही शिकवणाऱ्याची नाहक कोंडी होई. उशिरा मिळालेले मंत्र पहिल्या पायरीपासून सुरू होत असल्याने ते वापरावेसेच वाटत नाहीत. यांतल्या काही गोष्टी नंतरच्या आवृत्त्यांनी दुरुस्त केल्या : गुण घटणे बंद झाले, आणि ठरावीक लढायांनंतर एचपी थोडा थोडा आपोआपही वाढू लागला, त्यामुळे साथीदारांना मारण्याची गरज उरलीसुरली तीही संपली. आज कोणी हा खेळ सुरू केला, तर ज्या दोषासाठी तो प्रसिद्ध आहे त्याच्या वाटेला जाण्याची त्याला गरजच पडणार नाही.

मग नाव एवढे का खराब झाले? एक कारण काळाचे आहे. या भागाचे इंग्रजी भाषांतर सुरू झाले होते, पण ते बाजारात आलेच नाही. १९९१ साली चौथा भाग अमेरिकेत पोचला तेव्हा मधले दोन भाग तिथे आलेलेच नव्हते, म्हणून त्यालाच ‘फायनल फँटसी २’ असे नाव देऊन विकले गेले. खरा दुसरा भाग इंग्रजीत अधिकृतपणे आला तो २००३ साली, प्लेस्टेशनवर, पहिल्या भागाच्या जोडीने. तोवर मालिकेचे अकरा भाग होऊन गेले होते. सहावा आणि सातवा भाग मनात घेऊन बसलेल्या खेळाडूंपुढे पंधरा वर्षांपूर्वीची ही रचना एकाएकी ठेवली गेली, आणि तिची तुलना झाली ती तिच्या नातवंडांशी.

त्या नातवंडांना ज्यासाठी नावाजले जाते, त्यातले बरेचसे याच घरातून गेले आहे. पहिल्या भागातले चार वीर मुके होते. त्यांना नाव खेळाडूने द्यायचे, त्यांना घर नाही, भूतकाळ नाही. दुसऱ्या भागात प्रथमच फिरियन, मारिया, गाइ आणि लिऑन अशी नावाची माणसे आली. पालामेशियाच्या सम्राटाने त्यांचे गाव जाळले आहे, आईबाप मारले आहेत, आणि खेळ सुरू होतो तो पळून जाणाऱ्या या चौघांना काळ्या घोडेस्वारांनी गाठलेल्या क्षणी. खेळाडूला आज्ञा द्यायची संधी मिळते, तो बिचारा वार करतो, आणि एकेका फटक्यात चौघेही कोसळतात. ही लढाई जिंकता येतच नाही. शुद्धीवर येतात तेव्हा ते बंडखोरांच्या आश्रयाला आहेत, लिऑन बेपत्ता आहे, आणि राजकन्या हिल्डा त्यांना सैन्यात घ्यायला तयार नाही, कारण ते अजून कच्चे आहेत. त्यांना मिळतो तो फक्त एक परवलीचा शब्द, ‘रानगुलाब’, जो ऐकून आणि लक्षात ठेवून योग्य माणसापुढे उच्चारायचा असतो. मालिकेचे बोधचिन्ह झालेला चोकोबो हा पिवळा पक्षी आणि प्रत्येक भागात वेगळ्या रूपात येणारा विमानवाला सिड, हे दोघेही प्रथम इथेच भेटतात.

मला वाटते, वाढीची ती पद्धत आणि ही कथा एकमेकींपासून तोडून पाहिल्या म्हणूनच हा खेळ कळला नाही. चमूत चार जागा आहेत. तीन जागा पक्क्या. चौथी जागा लिऑनची, आणि ती रिकामी आहे. त्या जागेवर कथेच्या ओघात एकेक माणूस येतो आणि जातो. पांढऱ्या जादूत मुरलेला मिनवू येतो, तेव्हा त्याच्या मंत्रांच्या पायऱ्या पाहूनच कळते की या माणसाने आयुष्य यात घालवले आहे. शब्दांत सांगावे लागत नाही, आकडेच सांगतात. सलामंद गावचा जोसेफ येतो, ज्याची मुलगी नेली हिला आपण कैदेतून सोडवलेले असते. बर्फातल्या गुहेतून देवीची घंटा घेऊन परतताना फितूर बोर्गेन मोठा दगड सोडतो, आणि जोसेफ तो दगड अंगावर पेलून धरतो व तिघांना पळायला सांगतो. पडद्यावर ते काही चिमुकल्या चौकोनांचे चित्र आहे. पण त्याच्या मुठींच्या पायऱ्या गेले काही तास मी स्वतः वाढवत आणल्या होत्या. लेव्हलच्या खेळात पात्र गेले तर एक आकडा जातो. इथे काय केल्याने ती पायरी चढली, कोणत्या गुहेत चढली, हे सारे हाताला आठवत असते. पुढे मिनवूही ‘अल्टिमा’ या मंत्राची मोहोर उघडताना जीव देतो, आणि तो अमोल मंत्र आपल्या हाती येतो तो पहिल्या पायरीवर, दुबळा. मूळ आवृत्तीत तो प्रोग्रॅममधल्या दोषामुळे पुढेही दुबळाच राहतो, ही त्या खेळाची मोठी उणीव आहे. पण नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे बळ वापरणाऱ्याने आजवर किती शस्त्रे आणि किती मंत्र मुरवले आहेत यावर ठरते, आणि मला हा बदल फार योग्य वाटतो.

कावाझू यांना कंपनीने ही वाट सोडायला लावली नाही. मुख्य मालिका १९९० सालच्या तिसऱ्या भागात पुन्हा लेव्हलकडे वळली, आणि कावाझू यांनी डिसेंबर १९८९मध्ये गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर ‘सागा’ ही वेगळी मालिका सुरू केली होती, जिच्यात लेव्हल नव्हती. तिच्या पहिल्या भागात माणसे विकत घेतलेल्या औषधांनी वाढतात, राक्षस मारलेल्याचे मांस खाऊन रूप बदलतात, आणि तिसरी एक जमात लढता लढता आपोआप बदलत जाते. १९९३ सालच्या ‘रोमान्सिंग सागा २’मध्ये तर लढाईच्या ऐन मध्यावर पात्राला एखादा नवा डाव अचानक सुचतो, आणि तो बलाढ्य शत्रूपुढे सुचण्याची शक्यता अधिक असते. साथीदारांना मारून तो सुचवून घेता येत नाही. हिशेबातली चूक पाच वर्षांनी अशी सुधारली गेली.

२००४ साली गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेल्या आवृत्तीत मुख्य कथा संपल्यावर एक जोडकथा खुली होते. तीत खेळायचे असते मेलेल्यांना घेऊन. प्रथम मिनवू भेटतो, मग कथेत मरण पावलेला राजपुत्र स्कॉट, जोसेफ आणि चौथ्या जागेवर काही काळ येऊन गेलेला रिचर्ड. परलोकात जागे झालेले हे चौघे आपण कुठे आहोत हे न कळता चालू लागतात. मिनवू, जोसेफ आणि रिचर्ड यांचे शस्त्रांचे आणि मंत्रांचे आकडे तिथे तेच असतात, जे ते आपल्याला सोडून गेले त्या क्षणी होते, आणि त्यांच्या अंगावरची हत्यारे-चिलखतेही तीच. जोसेफला वाटेत ज्याने लढू दिले नाही, त्याचा जोसेफ तिथेही कच्चाच उभा राहतो. आणि ज्याने त्याचा हात बसवला होता, त्याला तो बसलेला हात परत मिळतो.